मर्लची टर्की

व्हर्ना स्टाउटला रागावलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. गावातल्या वृद्धाश्रमात ती चादरी-टॉवेल धुण्याच्या खात्यात होती. तिथल्या वाफेत उमेदीची सगळी वर्षं गेली, पण तिचा आवाज कधी यंत्रांच्या वर चढला नाही. घरीही तेच. नवरा बोलायचा, ती ऐकायची. मर्लचं बोलणं होतंही ऐकण्यासारखं.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभार मानायच्या सणाच्या दिवशी तर विचारायलाच नको. टर्की ओव्हनमधून निघाली की तो धुवट शर्ट घालून स्वयंपाकघरात यायचा, थाळा उचलायचा आणि टेबलाकडे असा निघायचा की पाहुणे टाळ्या वाजवायचे. मग उभ्याउभ्या सुरी चालवत आरमारातली गोष्ट. बोटीवरच्या आचाऱ्याने म्हणे त्याला शिकवलं होतं, लोण्यात भिजवलेलं फडकं पक्ष्याच्या छातीवर पसरायचं, म्हणजे मांस कोरडं पडत नाही.

ती फडक्याची युक्ती खरं तर व्हर्नाच्या माहेरची. पहाटे उठून दुकानदाराने पक्ष्याच्या पोटात घातलेली मान-काळजाची पिशवी काढणारी, बटाट्याचं सारण भरणारी, दर थोड्या वेळाने ओव्हन उघडून रस्सा वरून सोडणारी व्हर्ना. तिच्या हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मर्लने ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली आणि व्हर्नाही हसली. पुढच्या वर्षी तिला हसू आलं नाही, पण तोवर सगळे स्टाउट त्या पक्ष्याला ‘मर्लची टर्की’ म्हणू लागले होते.

मर्ल उन्हाळ्यात गेला. पानगळ सुरू झाली तसा नणंदेचा, फर्नचा फोन आला. यंदा जेवण माझ्याकडे, ती म्हणाली. मर्लची टर्की काही आता मिळायची नाही, तेव्हा हॉटेलातून तयारच मागवू. तू बिचारी कुठे त्या भानगडीत पडतेस.

फोन ठेवला तेव्हा व्हर्नाची कानशिलं तापली होती. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे येऊन रडायचे, डबे ठेवून जायचे, तो किती चांगला होता म्हणायचे. आणि तो चांगला होताच. म्हणून तर राग कुठे ठेवावा कळत नव्हतं. खुंटीवर मर्लचा शिकारीचा नारिंगी कोट अजून तसाच होता. त्याच्यासमोर उभी राहून ती म्हणाली, “एकदा, फक्त एकदा खरं सांगायचं होतंस.” मग तिने फर्नला उलट फोन लावला आणि टर्की मी आणते, एवढंच सांगितलं.

सणाच्या गुरुवारी जुन्या टॉवेलांत गुंडाळलेला थाळा मांडीवर घेऊन ती लेकीच्या, जनेलच्या गाडीत बसली. फर्नच्या घरी सोमवारपासून सुरू होणाऱ्या हरणाच्या शिकारीच्या गप्पा रंगल्या होत्या. फर्नने झाकण काढलं, कातडीचा कुरकुरीत तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तिचे डोळे भरून आले.

“अगदी मर्लची चव,” ती म्हणाली. “शिकवून गेला हो तुला.”

व्हर्नाने ग्रेव्हीचं भांडं टेबलावर जरा जोरात ठेवलं, इतकंच.

फर्नचा मुलगा कर्ट सुरी घेऊन उभा राहिला. पण कापण्याआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं, ही या घरची रीत. कर्ट म्हणाला, मर्लमामाबद्दल, आणि त्याच्या टर्कीबद्दल. त्याच्या बायकोनेही तेच म्हटलं. जनेल “बाबांबद्दल” म्हणाली आणि आईकडे बघायचं तिने टाळलं. तेवढ्यावरून व्हर्नाला कळलं की पोरीला सगळं ठाऊक होतं.

तिची पाळी आली. तिने हातरुमाल घडी करून ठेवला.

“मर्लला ओव्हन पेटवता येत नव्हता,” ती म्हणाली. “ही टर्की मी करते. दर वर्षी मीच केली.”

फर्नचा चेहरा लाल झाला. “आज? तो उत्तर द्यायला नाही, तेव्हा?”

“होता तेव्हा तुम्ही मला कधी विचारलंत?”

“आणि आरमारातला तो आचारी?”

“मर्ल बोटीला रंग द्यायचा, फर्न. स्वयंपाकघराचा रंग माहीत असेल त्याला.”

कर्टला हसू फुटलं. आईचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं. जनेल हळूच म्हणाली, “खरंय ते, आत्या. मला वाटायचं आईला काही वाटत नाही.”

“वाटायचं,” व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज आता यंत्रांवर चढला असता. “कापायचा मात्र तो सुंदर. ते मला येत नाही. तेवढं त्याचं होतं, आणि तेवढ्याबद्दल मी आभारी आहे.”

आता फक्त फर्न उरली होती. तिच्या गालावरून पाणी ओघळलं आणि तिने ते पुसलं नाही. शेवटी ती बोलली तेव्हा कोर्टात साक्ष द्यावी तसा सूर होता.

“टर्की केल्याबद्दल व्हर्नाची आभारी आहे.”

त्यात माया नव्हती. व्हर्नाचा रागही ओसरला नव्हता. तो अजून बरेच दिवस पुरणार होता. पण आपलं नाव तिने नीट ऐकलं. मग ती ताट पुढे करत कर्टला म्हणाली, “काप आता. गार होतेय.”