दुसऱ्या खिळ्यावरचा पाना

वस्ताद पाना आधी कानाने पारखायचे. दोन बोटांत सैल लोंबता धरायचे, दुसऱ्या पान्याने टोला द्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर पसंत, बद्द आला तर परत खोक्यात. वारंगा फाट्यावर माझं हत्यारांचं दुकान, समोर त्यांचं ट्रक-ट्रॅक्टरचं गॅरेज. वीस वर्षं मी हे पाहिलं.

कोणत्या छापाचा माल कुणी घ्यावा, हे फाट्यावर तेच ठरवत. चकचकीत दिवा छाप उचलून म्हणायचे, "नवरदेवावानी सजलाय, पण नटावर बसला की डुलून राहिला." ढाल छाप काळा, महाग. "ह्यो दिसायला न्हाई, पण नट सोडत न्हाई." तरी वर्षातून दोनदा पाना लागणाऱ्या शेतकऱ्याला मी ढाल दाखवली की चिडायचे. "सेठ, त्याच्या गळ्यात महागाचा काहून मारता? त्याचं दिव्यावर भागतं. मला रोज लागतो, मला स्वस्त परवडत न्हाई."

त्यांच्या गॅरेजच्या भिंतीत दोन खिळे होते. तुटलेलं हत्यार ते भंगारात टाकत नसत. मालाच्या खोटीने तुटलं तर पहिल्या खिळ्यावर, स्वतःच्या चुकीने तुटलं तर दुसऱ्यावर. दांड्याला पाइप लावून जोर केला आणि पाना मोडला, की तो मुकाट दुसऱ्यावर जायचा. "लोखंडावर आळ घ्यायचा न्हाई," म्हणायचे.

त्या दिवशी सेनगावहून सोयाबीन भरून आलेला ट्रक चाकावरचे स्प्रिंगचे पाटे ढिले होऊन फाट्यावर अडकला होता. वस्तादांना मोठा रिंग पाना हवा होता, ढाल छापच. अस्सल माल संपला होता. त्याच छापाचे नकली पाने माझ्याकडे होते, आणि ते नकली आहेत हे मला ठाऊक होतं. मी त्यातला एक पुढे केला. त्यांनी सवयीने तो दोन बोटांत धरला, टोल्यासाठी दुसरा उचलला. मी हसून म्हणालो, "वस्ताद, वीस वर्षांनीबी माझ्यावर भरोसा न्हाई का?"

ते शरमले. खरंच शरमले. "तसं न्हाई, सेठ," म्हणाले आणि न वाजवताच पाना घेऊन गेले.

अर्ध्या तासात आरडाओरडा झाला. रिंग फुटून तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला होता. डोळा वाचला नाही.

महिन्याने ते गॅरेजात आले, तेव्हा कबूल करायचं ठरवून मी गेलो. त्यांनी फुटक्या पान्याची तुटलेली कड माझ्यासमोर धरली. "ओतीव बीड हाय ह्ये, पोलाद न्हाई. ढाल न्हाई." मग उठून त्यांनी तो दुसऱ्या खिळ्यावर टांगला.

"खोट मालाची हाय ना वस्ताद? मग तिथं काहून?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"वाजवून न्हाई घेतला मी. चूक माझी."

त्यानंतर ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. कुणापाशी माझं नावही घेतलं नाही. वर्षभरात गॅरेज बंद करून शिरड शहापूरला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले.

आता मी प्रत्येक पाना गिऱ्हाइकासमोर वाजवून देतो. लोक म्हणतात, इमानदार माणूस. मी ऐकून घेतो.

परवा रस्तारुंदीत ती भिंत पाडली. त्याआधी बंद गॅरेजात मी कितीदा तरी जाऊन उभा राहिलो होतो. पाना काढून पहिल्या खिळ्यावर लावायचा होता. हातभर अंतर होतं. तेवढंही माझ्याने झालं नाही.