सुरुवातबाईंनी न केलेली सही

सुरुवातबाईंइतका वैताग मला नोकरीत दुसऱ्या कोणी दिला नाही. अंधेरीच्या आमच्या कारखान्यात, विमानात बसवायच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या बाहेर जाण्याआधी तपासल्या जात. बाई तपासनीस, मी विभागप्रमुख. एका पेटीच्या चाळीस चाचण्या. सदतिसाव्या चाचणीला कोणी नुसता चहा विचारला, तरी बाई स्विच बंद करायच्या, पेटी गार होऊ द्यायच्या आणि पहिलीपासून मांडायच्या. म्हणून हे नाव. कुकरच्या शिट्ट्या चुकल्या तर बाई भातही पुन्हा लावत असतील, असं आमचा फिटर म्हणायचा. ते कानावर गेल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, शिट्ट्या आमचे हे मोजतात.

टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि बाई पडद्यावरून नजर काढत नाहीत, हे रोजचंच. मी घड्याळ पुढे केलं की म्हणायच्या, "ते बरोबर चालतंय, सर. मला हे बघायचंय."

एका शुक्रवारी टाकीतलं इंधन दाखवणारी पेटी जायची होती. चाळीसही चाचण्या पास. फक्त पेटी तापल्यावर एकदा, क्षणभर, आकडा शून्यावर आला, असं बाईंचं म्हणणं. मग सगळं आणखी दोनदा केलं; काही दिसलं नाही. तरी त्यांनी तसा शेरा लिहिला आणि सही करेनात.

"दिवसभर बघून डोळे थकतात, बाई. भास झाला असेल."

"मला दिसलं, सर. तुमची खात्री असेल तर तुम्ही करा सही."

मी केली. शेऱ्याचा कागद फाइलमधून काढून टाकला. एवढ्यावर थांबलो नाही. त्यांच्या वार्षिक अहवालात ‘नजर भरवशाची नाही’ असं लिहिलं आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथे स्क्रूंचे डबे लावत राहिल्या.

दोन महिन्यांनी पेटी परत आली ती थेट माझ्या टेबलावर. टाकी भरलेली, विमान अजून जमिनीवर, आणि वैमानिकाला आकडा शून्यावर गेलेला दिसला होता. आतला एक जोड तापला की सुटत होता. वरून विचारणा झाली. तपासणीत काहीच आढळलं नव्हतं, असं मी लिहून दिलं. बाई एक मजला खाली, स्टोअरमध्येच होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. म्हणजे मी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात कंपनीला खरं काय ते कळवलं आणि पत्राची प्रत घेऊन घाटकोपरला बाईंच्या घरी गेलो. चार शब्द सुनावतील तर बरं, असं जिना चढताना वाटत होतं. त्यांनी पत्र सावकाश वाचलं. वैमानिकाला काही झालं नाही ना, एवढंच आधी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"म्हणजे शून्य आलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा डोळे तपासून घेतले होते, सर. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. मी त्यांच्यावरही विश्वास ठेवला नाही."