तांदळातलं दुसरं नाव

रजनीताईंनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते हळदीकुंकवाला. पांढरकवड्याच्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं आलेली ही चित्रकार, मीना ल्याओ, बायांच्या घोळक्यात मांडी घालून बसली होती आणि एकेकीला विचारत होती, "लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?" उत्तर आलं की वहीत टिपून घ्यायची. रजनीताईंची पाळी आली तेव्हा त्या चहाच्या निमित्तानं उठल्या.

"काकू, हे काहून पाह्यजे तिले?" शेजारची उज्ज्वला स्वयंपाकघरात कुजबुजली. "फोनवर फसवणारे असंच तर विचारतेत. अन् तोंडावरून तर सरळ चीनचीच दिसते."

"नागपूरची आहे ती. आजोबा दातांचे डॉक्टर होते," रजनीताई म्हणाल्या खऱ्या, पण संशय बसला तो बसलाच.

मग पाळत सुरू झाली. तिचं पार्सल आलं की रजनीताई कानाशी धरून हलवून बघायच्या. आधार कार्डावर मीना, पार्सलवर मात्र मेईलिंग!

"दोन-दोन नावं कुणाची असतात हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

तहसीलमधून निवृत्त झालेले अनंतराव पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझी."

"माझं वेगळं. तुम्हीच ठेवलं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी, खोली रिकामी कर असं सांगायचंच ठरवून त्या जिना चढल्या. दार उघडं होतं. भिंतीशी चित्रं ओळीनं टेकवलेली. प्रत्येकात एक ताट, ताटात तांदूळ आणि तांदळात अंगठीनं ओढलेलं नाव. गृहप्रवेशाला नवरा लिहितो तसंच. त्या नावाखाली, दाणे सरकले होते तिथं, आणखी एक पुसट नाव. 'उज्ज्वला'च्या खाली 'दीपा' होतं. वीस वर्षांच्या शेजारात रजनीताईंना हे माहीत नव्हतं.

"ही यादी कुणाला देणार आहेस?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"यादी नाही, काकू." मीनानं एक चित्र पुढं ओढलं. वर 'मीना', खाली चिनी अक्षरं. "हे मेईलिंग. बासष्टला चीनशी लढाई झाली तेव्हा आजोबांना घरातून उचलून छावणीत ठेवलं होतं. म्हणून शाळेत घालताना त्यांनी माझं नाव बदललं. माझं भीतीपोटी बदललं. तुमचं कशापोटी?"

रजनीताईंची नजर कोपऱ्यातल्या चित्राकडे गेली. वर 'रजनी', खाली नुसते तांदूळ.

"हे कुठं लावणार?"

"यवतमाळला. प्रदर्शन आहे."

"सगळे बघतील म्हणजे."

"बघतील. तुम्ही नको म्हणालात तर हे नेणार नाही."

रजनीताई आत येऊन खुर्चीवर बसल्या. "भागीरथा," त्या म्हणाल्या. "आजीचं नाव होतं ते. लिही, पण ठळक लिही."

पार्सल आलं की रजनीताई अजूनही ते हलवून बघतात. मीना ल्याओ त्याच वरच्या खोलीत राहते आणि जिन्याच्या दारावर तिची दोन्ही नावं लिहिलेली आहेत.