पहिला गडवा

"थांबा. आधी मी."

विहिरीतून दिवसाची पहिली बादली वर आली की भाऊ एवढंच म्हणायचे. मग आपला पितळी गडवा तीत बुडवायचे, पाणी उजेडाकडे धरून बघायचे, थोडं तळहातावर घेऊन हुंगायचे आणि घटाघटा सगळा गडवा पिऊन टाकायचे. त्यानंतर काठावरच्या दगडावर बसून सावकाश तंबाखू मळायचे. तंबाखू तोंडात जाऊन पहिली पिंक पडली की बाकीच्यांना पाणी भरायची मोकळीक. तोवर आम्ही बायका कमरेवर गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन उभ्या. कोणाचा भात चुलीवर, कोणाचं लेकरू रडतंय, पण भाऊंना त्याचं काही नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळं गाव त्यांना हसतं, आणि वेळ आली की त्यांचंच ऐकतं. मोहल्ला त्यांना भाऊ म्हणायचा, म्हणून मीही भाऊच म्हणते. नाव सांगितलं तर ते वरून रागावतील.

ऐंशीनंतरची गोष्ट. राजुरा तालुक्यातल्या एका गावात मी नर्स म्हणून गेले. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत मी आणि माझी लेक, दुसरीत वजनकाटा आणि औषधांचं कपाट. खोल्या बौद्ध मोहल्ल्याच्या टोकाला होत्या आणि विहीर अगदी माझ्या दारासमोर. मी नागभीडची, जीभ जरा तिखट. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायला गेले तेव्हा आमची जुंपली.

"हे काय टाकून राह्यल्या, नर्सबाई?"

"औषध आहे, भाऊ. यानं पाणी शुद्ध होते."

"मंग आधी मले द्या."

"अहो, खायची पावडर नाई ते."

"मले खाता येत नाई थे माह्या विहिरीत काऊन टाकता?"

शेवटी मी पावडर टाकली, आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी पहिला गडवा पिऊन तोंड वाकडं केलं. "दवाखान्यासारखं लागते," म्हणाले, पण तंबाखू मळायला बसले. म्हणजे माझी पावडर पास झाली.

मला राग आला होता. शेजारणीला विचारलं, हे काय खूळ आहे म्हातारबाचं? तिनं पदर तोंडाशी धरून सांगितलं. दीक्षेनंतरच्या वर्षांत मोहल्ल्यातल्या तरण्या माणसांनी मिळून ही विहीर खोदली होती. गावाची विहीर वरच्या आळीत, तिथं यांना दोर टाकू देत नव्हते. नाल्याकाठची ही खालची जागा तेवढी हाती लागली. सबलीनं खडक फोडणाऱ्यांत भाऊ होते. पाणी लागलं, सगळ्यांनी आनंदानं भरलं, आणि काही दिवसांतच एका सकाळी विहिरीत मेलेलं कुत्रं तरंगताना सापडलं. पाणी उपसलं, गाळ काढला, पण प्यायला कोणी धजेना. न जाणो, आणखी काय टाकलं असेल. तेव्हा भाऊ म्हणाले, थांबा, आधी मी. प्यायले आणि सगळ्यांच्या देखत त्या दगडावर बसून राहिले. दुपार टळली तरी माणूस जिवंत आहे असं पाहून मग बायकांनी गुंड बुडवले. तेव्हापासून रोज.

त्यानंतर मी त्यांना हसले नाही. खरं सांगते, हसले तरी तोंड फिरवून.

पुढे नाल्याच्या वरच्या अंगाला एक वीजघर उभं राहिलं. गावातल्या काही पोरांना तिथं काम लागलं. यंत्रं थंड करून जे गरम पाणी उरायचं, ते वीजघरवाले आमच्या नाल्यात सोडायला लागले. आणि आम्ही काय केलं म्हणाल? आम्ही खूश झालो. होळी झाली की आटणारा नाला आता बारमाही वाहायला लागला. थंडीत त्याच्यावर वाफ दिसायची. बायका धुणं घेऊन तिकडेच जायच्या, लेकरं तिथंच अंघोळी करायची, सरपण वाचायचं. मीही माझ्या लेकीचे केस त्या पाण्यानं धुतलेत.

त्या उन्हाळ्यात विहिरीनं तर कमालच केली. एरवी वैशाखात तळाशी उतरून वाटीनं पाणी खरवडावं लागायचं. त्या वर्षी दोर निम्मासुद्धा सोडावा लागत नव्हता. वरच्या आळीची विहीर तळाला गेली आणि आमची भरलेली. भाऊंच्या पायाला भिंगरी लागली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून विहिरीशी आणायचे.

"पहा, माह्या विहिरीले पान्हा फुटला."

इतक्या वर्षांनी त्यांना हा दिवस दिसला होता. मी तरी त्यावर पाणी कशाला ओतू?

एका सकाळी मात्र पहिला गडवा पिऊन ते तंबाखूकडे वळले नाहीत. तळहात माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, पानी कोमट काऊन लागते?"

मी बोट बुडवलं. भर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कसं, दात शिवशिवायला हवेत. हे कोमट होतं. पान्हाबिन्हा काही नव्हता. नाल्याचं पाणी रेतीतून झिरपून विहिरीत येत होतं.

मग एकेक आठवायला लागलं. मोहल्ल्यात डाळ शिजत नाही अशी ओरड होती. नाल्यावर धुणाऱ्या बायका हाताला खाज सुटते म्हणून मलम मागायला येत होत्या. लहान लेकरांची पोटं सारखी बिघडत होती आणि मी उन्हाळ्याला दोष देऊन गोळ्या वाटत होते. चंद्रपूरला गेले तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, यंत्रांच्या नळ्यांना गंज चढू नये, शेवाळ धरू नये म्हणून अशा पाण्यात औषधं घालतात. कोणती आणि किती, ते तपासल्याशिवाय कळणार नाही. तोवर पिऊ नका. परतीच्या एसटीत लेक माझ्या मांडीवर झोपली होती आणि माझा हात सगळा वेळ तिच्या पोटावर होता.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरले. पाणी पिऊ नका, वरच्या आळीतून आणा, निदान लेकरांना देऊ नका. सगळीकडे एकच उत्तर.

"भाऊ पेते नं रोज. त्याले काय झालं?"

कुत्रं टाकणाऱ्यांपासून ज्या माणसानं मोहल्ला राखला, त्याचाच गडवा आता आडवा येत होता. भाऊ सकाळी पाणी पिऊन धडधाकट बसलेले दिसायचे आणि बायका निर्धास्तपणे गुंड भरायच्या.

मी भाऊंनाच गाठलं. ते दगडावर बसून तंबाखू मळत होते.

"भाऊ, हे पाणी कुत्र्यासारखं नाई. त्याचं लगेच समजत नाई. हे तुमच्या तंबाखूसारखं आहे. आज खाल्ली म्हणून कोणी आज मरते का?"

"म्हंजे तुमी माही तंबाखू सोडवाले आल्या म्हणा."

हसले आणि चिमूट तोंडात टाकली. पण त्या दिवशी पिंक टाकायला त्यांनी बराच वेळ लावला.

मी ग्रामपंचायतीच्या मागे लागले, पाण्याची बाटली तपासायला पाठवली, आणि वाट बघत बसले; अहवाल काही येईना. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती. लेकीनं पोट धरलं की माझा जीव खालीवर व्हायचा. शेवटी वीजघराचा एक साहेब जीपमधून आला. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. हसतमुख, बोलायला गोड, सगळ्यांना नमस्कार करणारा. मोहल्ला विहिरीभोवती जमला. भाऊंनी गडवा भरला आणि त्याच्यापुढे धरला. मी मनात म्हटलं, आता नको म्हणेल, आणि मग सगळ्यांचे डोळे उघडतील.

त्यानं गडवा घेतला आणि सगळा पिऊन टाकला. रुमालानं तोंड पुसलं.

"बघा, मला काही झालं का? पाणी फक्त गरम असतं हो, काका. उगाच घाबरता."

लोक हसले. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. साहेब थोडा वेळ भाऊंच्याच दगडावर बसला, पोरांची चौकशी केली आणि जीपमध्ये बसून गेला. मला रडू यायचं बाकी होतं. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

भाऊ मात्र रिकामा गडवा हातात फिरवत तिथंच उभे होते.

"बाई, थ्यानं पेलं."

"हो, भाऊ."

"थो काही उद्या मरत नाई."

"नाई मरत."

"मंग थ्याच्या पेल्यानं आपल्याले काय समजलं?"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. गडव्याचं तोंड तळहातानं झाकून ते हळूच म्हणाले, "मी बी तर तेच करून राह्यलो होतो."

दुसऱ्या सकाळी पहिली बादली वर आली. बायका थांबल्या. भाऊ दगडावर बसलेले, गडवा शेजारी पालथा.

"भाऊ, पेता नं?"

"नाई."

"काऊन जी?"

"आजपासून मी नाई पेत. कोणी पेऊ नका."

महिनाभर माझी जीभ झिजली होती, ते काम या दोन वाक्यांनी झालं. कोणी बादलीला हात लावला नाही. पण मग पुढचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर आला. पाणी आणायचं कुठून? वर. काळ बदलला होता, आता कोणी उघड अडवलं नसतं. तरी पाय उचलेनात. भाऊ तर आपली विहीर खोदल्यापासून वरच्या विहिरीकडे फिरकलेच नव्हते. एका सुनेनं बिचकत गुंड उचलला.

"थांब," भाऊ म्हणाले. "आधी मी."

खांद्यावर दोर टाकून ते निघाले आणि मागून मी. अपमान व्हायचाच असेल तर पहिला आपला व्हावा, एवढंच त्यांच्या मनात असणार.

वरच्या विहिरीवर, ज्यांच्या दारापुढे ती विहीर होती त्या घरची म्हातारी पाणी ओढत होती. तिला सगळे काकी म्हणत. भाऊंना पाहून तिथलं बोलणं थांबलं.

"आमची विहीर बिघडली," भाऊ दुरूनच म्हणाले. "पानी पायजे."

काकीनं त्यांच्याकडे पाहिलं. बादली काठावर टेकवली, ओंजळ भरली आणि त्यांच्या समोर ती प्यायली. मग आणखी एक ओंजळ प्यायली. तोंड पुसून म्हणाली, "पेली मी. आना तुमची बादली इकडे."

तिनं स्वतः भरून दिली. परत येताना अर्ध्या वाटेत भाऊंनी बादली खाली टेकवली. मग म्हणाले, "तिले मालूम होतं, बाई."

"काय, भाऊ?"

"कुत्र्याचं."

कोणाच्या हातानं टाकलं होतं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सगळं काही गोड झालं असं समजू नका. वरच्या रांगेत कुरबुरी व्हायच्या, टोमणे यायचे, मीही दोन-चार वेळा तोंड सोडलं. भाऊ मोहल्ल्याला घेऊन वीजघराच्या फाटकाशी जाऊन बसायचे. उन्हात बसायचे, हाकलले की उठायचे, पुन्हा जायचे. पुष्कळ हेलपाट्यांनंतर वीजघरानं पक्की नाली बांधून गरम पाणी गावाच्या खाली दूर नेलं. नाला पूर्वीसारखा आटला. विहीर उपसली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पूर्वीसारखीच तळाला गेली. भाऊ काठावरून वाकून त्या कोरड्या खडकाकडे बघत होते.

"आता खरी आहे माही विहीर," म्हणाले.

तोवर त्यांच्या अंगावरचं मांस झडलं होतं. जेवण जाईना, पायांवर सूज आली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी वय सांगितलं, तंबाखू सांगितली, किडनी सांगितली. पाण्यानं झालं का, असं मी विचारलं. त्यांनी हात उडवले. कसं सांगणार, म्हणाले. मोहल्ल्यात सगळ्यांत जास्त पाणी भाऊ प्यायले होते. रोज सकाळी, अनशापोटी, भरून गडवा. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

शेवटच्या दिवसांत ते अंगणात खाटेवर असायचे. एका सकाळी त्यांनी पाणी मागितलं. मी घरून उकळून गार केलेलं पाणी त्यांच्याच गडव्यात आणलं. का कोण जाणे, त्यांना धीर वाटावा म्हणून मी गडवा आधी माझ्या तोंडाशी नेला. त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. आधी मी."

"भाऊ, त्यानं काही समजत नाई. तुम्हीच तर म्हटलं होतं."

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "तरी आधी मी."

दोन घोट गेले, बाकीचं गळ्यावरून ओघळलं. मी पदरानं पुसलं.

ते गेले आणि त्याच पावसाळ्यात विहीर भरली. तपासणीवाल्यांनी पाणी प्यायला हरकत नाही असं सांगितलं. मोहल्ल्यातल्या बायका सकाळी गुंड घेऊन आल्या, मीही गेले, लेक माझ्या पदराला धरून. पहिली बादली वर आली. पाणी गार होतं, स्वच्छ दिसत होतं. आम्ही सगळ्या दगडाकडे बघत उभ्या राहिलो. कोणाचाच हात पुढे होईना.