प्रभूच्या दिवशी मी वाटलेली जवारी

काय झालं ते सांगतो, पण एक अट आहे. आमच्या अप्पांसमोर हा विषय काढायचा नाही. अप्पा धडधाकट आहेत, पण एकदा मी त्यांना मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. त्यांच्या अंगाला बोटही न लावता. आणि तेही कशापायी? तर दावीद मास्तरावर जळत होतो म्हणून.

मी पुण्याहून शिकून दुबलगुंडीला परतलो तेव्हा डोक्यात नुसता वणवा पेटलेला. तिकडे रोज सभा, रोज व्याख्यान. इकडे निजामाचा अंमल, शाळा म्हणाल तर तालुक्याला, तीही उर्दू. मी ठरवलं, अख्ख्या गावाला अक्षर शिकवायचं. जग दाखवायचं. शक्यतो सुगीच्या आत.

अप्पा धान्याचे व्यापारी. वेशीबाहेर, रस्त्याला लागून, त्यांचं जवारीचं कोठार होतं. त्याचा पुढचा सोपा मी मागितला. अप्पांनी कपाळाला विभूती लावता लावता ऐकून घेतलं.

"सुगीपतोर सोपा तुझा," ते म्हणाले. "लोक आले तर कोठारच शाळेला देतो. न्हाई आले तर गुमान दुकानात बसायचं. कबूल?"

मी कबूल करून टाकलं. लोक येणार नाहीत हे मनाला शिवलंच नाही. पुण्यात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेला माणूस मी, मला कोण नाही म्हणणार?

आता दिवस कोणता धरायचा? शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी, त्या दिवशी लोक सोयऱ्याधायऱ्यांकडे जातात. सोमवारी आमच्याकडे बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग माणसं बैलांना ओढ्यावर नेतात आणि बैलांच्या आधी स्वतः पाण्यात बसतात. मला पुण्यातल्या रविवारची सवय. रविवार धरला.

आणि तिथंच घात झाला. कारण रस्त्यापलीकडे, गावकुसाबाहेरच्या वस्तीपुढच्या चिंचेखाली, दावीद मास्तर बसत होता.

हा मास्तर म्हणजे मिशनचा साधा उपदेशक, इतर दिवशी वस्तीतल्या पोरांकडून बाराखडी घोकून घेणारा. डोक्याला पटका, पायात गाडीच्या टायरच्या वहाणा, आवाज इतका हळू की पुढच्याला ऐकू यायला मागच्यानं खोकायचं थांबावं लागे. पण रविवारी त्यानं चिंचेला घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दगड मारला, की वस्तीतून माणसं निघायची. अंघोळ करून, धुतलेली धोतरं-लुगडी नेसून, केस विंचरून. त्या दिवशी ती कुणाच्या रानात कामाला जात नसत. पाटलानं बोलावलं तरी सांगत, "आज प्रभूचा दिवस हाय."

माझ्या सभेला कोण आलं? माझा बालमित्र बसण्णा, आणि उन्हातून चालून दमलेला एक म्हातारा. म्हातारा मध्येच झोपला. बसण्णाला मी तशी परवानगी दिली नव्हती, तरी तोही झोपला.

असं दर रविवारी. मी इकडे स्वच्छतेवर बोलतोय, आणि समोर चिंचेखाली स्वच्छ लोक बसलेत, दुसऱ्याचं ऐकत. तुम्हीच सांगा, कुणाचा जीव जळणार नाही? त्यात भर म्हणून अप्पा जेवताना म्हणायचे, "मास्तरला काय शिस्त हाय बघ. कामून येत्यात रे लोक त्याच्याकडं?"

हे 'कामून' माझ्या काळजात रुतून बसलं.

एका रविवारी सभा बसण्णावर सोपवून मी शोध घ्यायला गेलो. रस्त्याकडेच्या तुरीच्या पिकात पोटावर झोपून, मुंग्या चावून घेत, चिंचेकडं बघत राहिलो. उशीर झाला होता, गाणी संपत आलेली. आणि काय दिसावं? मास्तराच्या पायाशी, फडक्यावर, जवारीची ही एवढी रास. प्रार्थना संपली, आणि मास्तरानं मार्था अक्का नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या पदरात त्यातली जवारी ओतली. ती डोळे पुसत घरी गेली.

मी तसाच धावत कोठाराकडं आलो. अंगाला तुरीचा पाला.

"बसण्णा, गुपित सापडलं. तो जवारी वाटायलाय."

"कोन, मास्तर? त्याच्या सोताच्या घरात चूल येक दिसाआड पेटतीय."

"डोळ्यांनी बघितलं. आणि लोकांना वाटतं, प्रभूचा दिवस. अरे, तो जवारीचा दिवस आहे."

"मग आता तू काय करायलास?"

मी त्याला मागचं कोठार दाखवलं. पोती छताला लागलेली. अप्पा हुमनाबादला मालाच्या कामाला गेले होते, पुढच्या रविवारपर्यंत येणार नव्हते. मनात म्हटलं, एकदा लोक यायला लागले की कोठार शाळेलाच मिळणार. मग त्यातली चार पोती आधी रिकामी झाली तर काय बिघडलं? (हा विचार त्या वेळी मला फार तर्कशुद्ध वाटला होता. पुण्यात मी तर्कशास्त्रच शिकलो होतो.)

गाव अप्पांना सावकार म्हणायचं, म्हणून दवंडीवाल्याला सांगितलं, "ऐतवारी सकाळी सावकाराच्या कोठारात व्याख्यान आहे. नंतर जवारी मिळेल."

दवंडीवाला अनुभवी माणूस. त्यानं व्याख्यानाचं नाव काढलं नाही.

मग ती बातमी बाजारात गेली, बाजारातून आसपासच्या गावांत. वाटेत लोकांना प्रश्न पडला. धान्याचा व्यापारी जवारी फुकट वाटतोय, तर कामून? याचं उत्तर एकच असू शकत होतं, आणि ते लोकांनी शोधून काढलं. सावकाराचं काही खरं नाही. जाता जाता पुण्य करायलाय.

मला यातलं काही माहीत नाही. रविवारी दिवस उगवताच कोठारासमोर जत्रा. पोती, टोपल्या, एकानं तर पाळणा आणलेला. मी चिंचेकडं बघितलं. तिथंही माणसं जमली होती, पण माझ्यापुढं जास्त. किती गार वाटलं म्हणून सांगू.

मी वजनाच्या फळीवर चढलो. "बंधूंनो, अक्षर म्हणजे..."

"आदी जवारी," गर्दी म्हणाली.

"आदी व्याख्यान."

बसण्णानं माझं धोतर ओढलं. "आदी जवारी दे, शिवण्णा. न्हाईतर हे लोक तुलाच वाटून घेतील."

जवारी दिली. चार पोत्यांवर भागलं नाही. दहावर भागलं नाही. मागून लोक येतच होते, आणि जाणारा प्रत्येक जण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "धीर धर बाबा." मला वाटलं, समाजकार्यासाठी धीर देतायत. मीही गहिवरून म्हणत होतो, "प्रयत्न करतोय."

कोठार साफ झालं. मी पुन्हा फळीवर चढलो. समोर बसण्णा आणि सांडलेले दाणे टिपणाऱ्या चिमण्या.

तेवढ्यात दारातून दावीद मास्तर आत आला. त्याच्यामागं धुतलेल्या कपड्यांतली त्याची सगळी मंडळी. ती आत आली, हातातली गाठोडी पुढ्यात ठेवली आणि जमिनीवर बसली.

माझा तर विश्वासच बसेना. मास्तराची माणसं, त्याच्याच दिवशी, माझ्यापुढं. आणि मास्तर स्वतः शेवटच्या रांगेत. मी जिंकलो होतो.

मग काय विचारता. असा बोललो, असा बोललो, की पुण्यातलं बक्षीसही लाजलं असतं. अज्ञानाचा अंधार, अनाथ झालेला देश, डोक्यावरचं हरपलेलं छत्र, काही सोडलं नाही. पुढची माणसं माना खाली घालून ऐकत होती. छत्राचा उल्लेख आला तेव्हा मार्था अक्का हुंदका देऊन रडली. वक्त्याला याहून काय पाहिजे?

मी थांबलो, तसा मास्तर उठला. "लई मनापासून बोललास, शिवण्णा. आता आपन सावकारांसाठी प्रार्थना करू."

"सावकारांसाठी? कामून?"

मी असं विचारतोय, तोच बाहेर बैलगाडी थांबली. गाडीतून रिकामी पोती घेतलेली बरीच अनोळखी माणसं उतरली. आणि शेवटी गाडीवानाच्या शेजारून अप्पा.

झालं होतं असं. हुमनाबादहून येताना वाटेत या लोकांनी अप्पांची गाडी थांबवली होती. "दुबलगुंडीचे सावकार जायला लागलेत म्हनं, जवारी वाटायलेत. म्हातारं जायच्या आत पोचवा तेवढं." अप्पांनी आपण कोण ते न सांगता सगळ्यांना गाडीत घेतलं. वाटभर त्यांच्या तोंडून स्वतःचे गुणदोष ऐकत आले. दोषच जास्त असावेत, कारण चेहरा तांबडा झाला होता.

मार्था अक्कानं अप्पांना पाहिलं आणि हात जोडले. "प्रभूनं ऐकलं की गं बाई. प्रार्थनेला बसायच्या आदीच ऐकलं."

अप्पांनी मोकळ्या कोठाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग मंडळींच्या पुढ्यात ठेवलेल्या जवारीच्या गाठोड्यांकडं.

"ह्येंनी बी माझीच जवारी नेली का?"

"न्हाई अप्पा," मास्तर म्हणाला. "ही आमची हाय. दर सैपाकाला येक मूठ प्रभूची म्हनून बाजूला काढतो, आन् प्रभूच्या दिशी समदे मिळून आनतो. ज्याच्या घरात नड, त्याला देतो. मागल्या बारीला मार्था अक्काला दिली. आज कळलं, सावकारांचं कोठार रिकामं झालं, आन् घरात दुखनं. म्हटलं, ह्या बारीला नड तुमच्या घरी."

म्हणजे बघा. मी तुरीत पडून जी रास बघितली, ती मास्तरानं आणलेली नव्हतीच. लोकांनी त्याला आणून दिली होती. आणि मी मात्र त्याला मागं टाकायचं म्हणून बापाचं कोठार रिकामं करून बसलो होतो.

अप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या. मग खाली, मंडळींच्या बरोबरीनं बसले. आमच्या घरातलं माणूस वस्तीतल्या लोकांबरोबर जमिनीवर बसलेलं मी प्रथमच बघत होतो. मी त्यासाठी चार व्याख्यानं देणार होतो.

"अक्का," अप्पांनी मार्था अक्काला विचारलं, "काय सांगत होता ह्यो तुमाला?"

"काय की बाबा. शब्द काय समजंना. पर तुमच्यावर लई जीव हाय पोराचा. कसा टाहो फोडत होता."

बसण्णा तोंडात उपरणं कोंबून बाहेर गेला.

अप्पा म्हणाले, "लोक आले तर कोठार शाळेला, आसं मी बोललो होतो. आता कोठार रिकामं झालंच हाय. गाव काय म्हनंल ते म्हनू दे. मास्तर, उद्यापास्नं पोरं हितंच बसवा."

मी पुढं सरसावलो. "आणि मी, अप्पा?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मास्तराच्या कानाशी वाकून, पण मला नीट ऐकू येईल असं म्हणाले, "ह्याला बी ठिवून घ्या. पाटीवर अक्षरं बरी काढतोय. पर बोलू देऊ नका."