बाबांची चकती

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त करमणुकीसाठी वाचत आले. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा माणूस... फोनवर नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि दोघांनी मिळून लिहिणाऱ्याची खेचायची. मी फार्मसिस्ट आहे. प्रत्येक बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय ती माझ्या हातून पुढे जात नाही. त्यामुळे आता मीच लिहितेय म्हटल्यावर मैत्रिणी मला सोडणार नाहीत. असो, सांगूनच टाकते.

गोष्ट २००९ च्या फेब्रुवारीतली, तो मोठा बर्फ पडला तेव्हाची. आम्ही तेव्हाही इंग्लंडमध्ये वॉटफर्डलाच राहत होतो. नवरा शिरीष साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, फक्त वीकेंडला घरी यायचा. एरवी घरात मी आणि माझे सासरे. सासूबाई गेल्यावर बाबांना आम्ही नाशिकहून सहा महिन्यांसाठी घेऊन आलो होतो. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मुळातच मोजकं बोलणारे. सासूबाई गेल्यापासून तेही बंद झालं होतं. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. मग मी स्वभावाप्रमाणे त्यांचा ताबाच घेतला — गोळ्या मी काढून देणार, मफलर मी गुंडाळणार, बुटांच्या नाड्यासुद्धा मीच बांधणार!

"अगं मीनल, माझं मला करू दे," ते म्हणायचे. मी कुठली ऐकतेय.

घरापासून पंचवीस मिनिटांवर एक नेचर रिझर्व्ह होतं. जुन्या खडीच्या खाणींमध्ये पाणी साठून झालेली तळी, कडेने पुरुषभर उंचीचं पाणगवत आणि त्यातून जाणारे फळ्यांचे रस्ते. गुरुवारी माझी सुट्टी असायची, तेव्हा मी तिथे व्हॉलंटियर म्हणून जायची. बाबांना पहिल्यांदा अक्षरशः ओढत नेलं. तिसऱ्या गुरुवारी ते माझ्याआधी बूट घालून दारात उभे! त्या माणसाला पुन्हा कशात तरी रस घेताना बघून मला गाडीत रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

याचं श्रेय तिथल्या ब्रायनला. ऐंशीच्या घरातला, दोन्ही खुबे बदललेले, तरी हातात फावडं. त्याचे वडील उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणीत होते. तिथे प्रत्येक कामगाराची नावाची चकती असायची, खाली कोण उतरलंय ते तिच्यावरून कळायचं. ब्रायनने तीच पद्धत रिझर्व्हच्या शेडमध्ये आणली होती. भिंतीवर लाकडी फळी, तिला हुक, प्रत्येक हुकावर एक चकती. लाल बाजू पुढे असली की माणूस आत, पांढरी असली की घरी गेला. नियम एकच — आपली चकती आपणच फिरवायची. मी सासऱ्यांना बाबा म्हणते म्हणून ब्रायनने त्यांच्या चकतीवर दोन्ही बाजूंना 'बाबा' असंच रंगवलं. त्यांनीही ते दुरुस्त केलं नाही. सगळं रिझर्व्ह त्यांना बाबा म्हणायला लागलं.

त्या आठवड्यात अर्धं वॉटफर्ड घरी बसलं होतं. पण तळी गोठली की पक्ष्यांची उपासमार होते, म्हणून आम्ही मोजकेच जण गेलो. ब्रायनने पहाटेपासून लांब काठीने काठाजवळचा बर्फ फोडून पाणी मोकळं ठेवलं होतं. मी दाणे भरत होते, बाबा फळ्यांवरचा बर्फ झाडत होते. थंडी बाधू नये म्हणून ते तीनच्या बसने एकटेच घरी जायचे, मी साडेचारपर्यंत थांबायची. तसं त्या दिवशीही ठरलं होतं.

साडेतीनला मी चहाला शेडमध्ये आले तर बाबांची चकती लालच. म्हटलं, विसरले! मी ती पांढरी केली आणि चहा ओतून घेतला. एवढंच.

साडेचारला निघायची तयारी झाली. जिलियन, म्हणजे तिथली वॉर्डन, बाहेर कुलूप शोधत होती. ब्रायन बाकावर बसून बूट काढत होता. (सगळं इंग्लिशमध्ये चाललं होतं, मी मराठीत सांगतेय.)

"बाबा अजून आत आहे," ब्रायन म्हणाला.

मी बघितलं. चकती लाल.

"नाही हो, ते तीनलाच गेले. मी स्वतः फिरवली होती." मी हुकावरून चकती काढली, पांढरी बाजू पुढे करून नीट अडकवली, ब्रायनसमोर खोटं पडल्यासारखं वाटलं म्हणून जरा दाबूनच. खात्रीसाठी घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. झोपले असतील, मी म्हटलं. त्यांचा मोबाइल नेहमीप्रमाणे चार्जिंगला घरीच होता. फोन खिशात टाकून वर बघितलं...

चकती लाल होती.

दार बंद, खिडकी बंद. फळीसमोर मी, माझ्याशिवाय जवळपास कोणी नाही. ब्रायन चार हातांवर, एक बूट पायात आणि एक हातात. चकती वाऱ्याने हलू शकते, पण हुकावरून उतरून, उलटी होऊन परत अडकू शकत नाही. मग मी ब्रायनला लाजेने सांगितलं की मी ती फिरवली तेव्हा बाबांना जाताना पाहिलंच नव्हतं.

ब्रायन काढलेला बूट परत घालायला लागला. "फळी आत म्हणतेय ना? मग आपण जायचं," एवढंच म्हणाला. जिलियनने टॉर्च आणि ब्लँकेट घेतलं. चकती आपोआप कशी फिरली, मला भास झाला का, हे कोणी विचारलंही नाही. बाहेर अंधारत होतं, बर्फ पुन्हा सुरू झाला होता, आणि हा ऐंशीचा म्हातारा दोन नकली खुब्यांवर सगळ्यांच्या पुढे चालत होता. मी आयुष्यात खूप शिकलेली, हुशार माणसं पाहिलीयेत. त्या संध्याकाळी ब्रायनबद्दल जे वाटलं ते कोणाबद्दलच वाटलं नव्हतं.

बाबा सापडले ते थेट पलीकडच्या तळ्यापाशी. बिटर्न नावाचा बगळ्यासारखा लाजरा पक्षी तिथे दिसल्याचं कोणीतरी सांगितलं, म्हणून बस सोडून तिकडे गेले होते. रस्त्याच्या फळीवरून पाय घसरला, बर्फ फुटला आणि एक पाय मांडीपर्यंत चिखलात रुतला. दोन्ही हातांनी कठडा धरून बसले होते. ओठ निळे, पण शुद्धीवर. जिलियन म्हणाली, अजून तासभर गेला असता तर वेगळंच झालं असतं.

ब्लँकेटमध्ये गुंडाळताना त्यांनी माझा हात धरला. "घाबरू नकोस गं. मला काळजीच नव्हती. चकती मी फिरवली नव्हती ना! ब्रायनने सांगितलंय, लाल असली की शोधायला येतातच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी गोळ्या काढताना रडत सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "दोनदा?"

"दोनदा, बाबा."

"मी तिथे बसून तेवढंच करत होतो. ती चकती डोळ्यांपुढे आणत होतो, लाल." मग गोळ्यांचा डबा त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. "आता या तरी माझ्या मला घेऊ दे." त्या दिवसापासून त्यांच्या गोळ्या तेच घेऊ लागले.

शिरीष म्हणतो, टेन्शनमध्ये तू पांढरी केलीच नसशील. एकदा मानते... पण दुसऱ्यांदा ती माझ्याच बोटांत होती. ब्रायनला विचारलं तर तो म्हणे, फळीला प्रश्न विचारत नसतात.

एप्रिलमध्ये बाबा परत नाशिकला गेले. शेवटच्या गुरुवारी त्यांनी चकती स्वतःच्या हाताने पांढरी केली, माझ्याकडे बघून हसत. तीन वर्षांनी ते तिकडेच गेले, झोपेत. चकती काढायची का, असं जिलियनने विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

अजून दर गुरुवारी शेडमध्ये शिरताना आणि निघताना माझं लक्ष आधी तिकडे जातं. मी तिला हात लावत नाही. एकदाही ती लाल झालेली नाही. म्हणजे बाबा नीट पोचले असावेत.