ताणलेली दोरी

लाटंबार्से गावात, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात एक गृहस्थ लहान मुलांना तिरंदाजी शिकवत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. महिनाभर ते बाण देतच नसत. पोरांनी नुसती दोरी ताणायची आणि त्यांची टाळी ऐकली की ती हळूच परत आणायची. आम्ही आईबाप कुरकुरायचो.

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला पहिला बाण मिळाला. तिने दोरी ताणली, तोच समोरच्या गवताच्या गंजीमागून काजूंची टोपली घेतलेली एक बाई पुढे आली.

टाळी वाजली. मुलीने दोरी हळूच परत आणली.

"मारूक कोणय शिकता, बाय," ते मला म्हणाले. "थांबूक शिकवचां पडता."

मग त्यांनी बिडी काढली. वारा मुळीच नव्हता, तरी तीन काड्या वाया गेल्या.